पुसलेली डिस्क

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की वसईतल्या ख्रिस्ती घरांत लग्नं थांबतात, आणि लग्नं थांबली की फोटोग्राफरला महिनोन्महिने न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत फेबियनला सगळ्यात आधी दिसला तो त्याचा कॉम्प्युटर.

निर्मळ नाक्यावरच्या त्याच्या छोट्या स्टुडिओत तो कॉम्प्युटर दुखणाईत म्हाताऱ्यासारखा कण्हत बसलेला असायचा. गिऱ्हाईकं पेनड्राइव्ह घेऊन यायची, कोणाच्या ना कोणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा, आणि दुसऱ्या दिवशी माउस हलवला तरी बाण हलायचा नाही. विंडोज पुसून पुन्हा टाकायचा खेळ तीनदा झाला होता.

"चौथ्यांदा टाकलंस तर चौथ्यांदा जाईल," जितेंद्र म्हणाला. जितेंद्र त्याचा शाळेपासूनचा मित्र. नालासोपाऱ्यात राहायचा आणि अंधेरीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. त्याने एक सीडी आणून दिली. "हे लिनक्स, विंडोजच्या जागी चालतं. टाकून बघ. व्हायरसची कटकट नाही, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे चोरीचं नाही. फक्त एक कर. तुझ्याकडे दोन डिस्का आहेत ना? एकीवर विंडोज आणि दुसरीवर फोटो?"

"हो."

"मग विंडोजच्या डिस्कवर टाक. दुसरीला हात लावायचा नाही. समजलं?"

फेबियनला समजलं होतं. तो काही अडाणी नव्हता. डार्करूममधून निघून स्वतःच्या हिमतीवर डिजिटलपर्यंत आलेला माणूस होता. सीडी घालायच्या आदल्या दिवशी त्याने कॅबिनेट उघडून धूळ काढली, दोन्ही डिस्का बाहेर काढून ब्रशने साफ केल्या आणि परत जागच्या जागी स्क्रू पिळून बसवल्या. नवं काही टाकायचं तर घर झाडून घ्यावं, एवढाच त्याचा विचार.

शुक्रवारी सकाळी त्याने शटर अर्धंच वर केलं, सीडी घातली आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर प्रश्न येत गेले. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, गाव कोणतं. मग एका पानावर दोन डिस्का एकाखाली एक दिसल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. नावात फरक शेवटच्या अक्षराचा. विंडोजची पहिली, फोटोंची दुसरी, हे तर वर्षानुवर्षांचं. त्याने पहिली निवडली. 'या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल,' असं मशीनने बजावलं. जाऊ दे की, त्याच घाणीसाठी तर हे सगळं. त्याने बटण दाबलं.

तासाभरात काम झालं. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला तेव्हा फेबियन खूश होऊन हसला. स्वच्छ पडदा, नवी अक्षरं, बाण कसा लोण्यावरून फिरावा तसा फिरतोय. आता फोटोंची डिस्क उघडावी म्हणून त्याने दुसऱ्या डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली.

आत विंडोज होतं.

जुनं, रोगट, तीनदा टाकलेलं विंडोज जसंच्या तसं समोर बसलं होतं. त्याने खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. तेच. जे जायला हवं होतं ते समोर होतं. मग गेलं काय?

त्याला कालची साफसफाई आठवली. धूळ साफ करून डिस्का परत लावताना त्याने केबलची टोकं उलटी लावली होती. मधल्या जागी असायची ती टोकाला गेली, टोकाची मध्ये आली, आणि मशीनच्या लेखी पहिली ती दुसरी झाली. त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बोटाने, फोटोंची डिस्क पुसली होती.

त्याची बायको ॲनी डबा घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. पाठ काउंटरला टेकलेली, चेहरा पांढराफटक.

"फेबियन! काय झालं? कोण गेलं?" ती घाबरून म्हणाली.

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं.

"अरे बोल ना!"

"फोटो गेले. सगळे."

ॲनीला आधी अर्थच कळला नाही. स्टुडिओला तिचं नाव होतं आणि अल्बम लावायचं कामही तिचंच. प्रत्येक लग्न झाल्यावर फोटो सीडीवर उतरतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. "सीडी आहेत ना आपल्याकडे?"

"डिसेंबरपर्यंतच्या. त्यानंतर सीडी रायटर बिघडला. कॅमेऱ्याची कार्डंही पुढच्या लग्नांसाठी पुसून झाली. सीझन होता, दुरुस्तीला दिलाच नाही."

ॲनीने मनातल्या मनात जानेवारीतली लग्नं आठवून बघितली असावीत, कारण एकदम तिचा हात तोंडावर गेला. "क्लेमेंटीनचं," ती पुटपुटली. "आणि आलोशियसकाका."

फेबियनने डोळे मिटून घेतले. सकाळपासून मनाच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेलं ते नाव तिने उच्चारलं होतं.

आलोशियसकाका नंदाखालचे, क्लेमेंटीनचे वडील. केळीची बाग होती. या माणसाचा फोटो काढणं म्हणजे शिक्षा. फ्लॅश उडाला की डोळे मिटलेच म्हणून समजा. त्यांच्या घरातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याच्या, प्रत्येक लग्नाच्या फोटोत ते झोपल्यासारखे दिसायचे आणि सगळा गाव त्यावरून त्यांना हसायचा. फक्त लेकीच्या लग्नात, बँड वाजत असताना लेकीला धरून नाचताना, ते कॅमेऱ्याकडे बघून खदाखदा हसले होते, आणि फेबियनने नेमका तेव्हा फोटो काढला होता. डोळे सताड उघडे. पुढे पंधरवडाही झाला नाही तोच बागेत पाट साफ करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. दफनाच्या दिवशी क्लेमेंटीन फेबियनला म्हणाली होती, "दादा, चर्चमध्ये महिन्याच्या मिस्सेला तो नाचातला फोटो लावायचाय. दुसरा कुठला नको." आणि फेबियन म्हणाला होता, "काळजी करू नको. माझ्याकडे आहे."

त्याने जितेंद्रला ऑफिसात फोन लावला. जितेंद्रने सगळं ऐकून घेतलं.

"मशीन चालू आहे?"

"हो."

"आत्ताच्या आत्ता बंद कर. वायर काढ. त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये. मी उद्या येतो."

"परत मिळतील?"

"सांगता येत नाही. आशा लावून बसू नकोस, आणि बसल्याशिवाय राहणारही नाहीस. उद्या येतो."

डबा तसाच राहिला. दुपारी फेबियन स्कूटर काढून नंदाखालला गेला. फोनवर सांगता आलं असतं, पण ज्यांच्या अंगणात आपण महिन्याभरापूर्वी कॅमेरा घेऊन नाचलो त्यांना फोनवर काय सांगायचं?

क्लेमेंटीन माहेरीच होती, आईच्या सोबतीला. ओसरीवर लसूण सोलत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. बसायचा धीर होत नव्हता. केबलचं, डिस्कचं सांगत गेला आणि अर्ध्यात त्याच्या लक्षात आलं, की तिला यातलं काही ऐकू येत नाहीये.

"बाबांचा पण?" तिने विचारलं.

"सगळेच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडली असती, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसतं न कळणं होतं, कोणीतरी अनोळखी भाषेत बोलावं तसं.

"पण मी बघितलाय तो," ती म्हणाली. "तू त्या छोट्या स्क्रीनवर दाखवला होतास मला. मी बघितलाय."

"हो."

"मग तो जाईल कसा?"

आतून आईने कोण आलंय म्हणून विचारलं. क्लेमेंटीन पटकन आवाज नीट करून म्हणाली, "कोणी नाही आई, फेबियनदादा. फोटोंचं विचारायला आलाय." मग हलक्या आवाजात त्याला म्हणाली, "आईला सांगू नको. ती रोज विचारते, फोटो कधी येणार. तू जा आता."

शनिवारी सकाळी जितेंद्र स्वतःची मोठी डिस्क पिशवीत घालून आला. त्याने कॅबिनेट उघडलं, केबलकडे बघून मान हलवली. पुसलेली डिस्क आणि स्वतःची डिस्क जोडली आणि सीडीवरूनच लिनक्स सुरू केलं, म्हणजे पुसलेल्या डिस्कवर ओरखडाही उठायला नको. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही टाइप केलं. एक आकडा दिसायला लागला आणि हळूहळू वाढायला लागला.

"हे काय?" ॲनीने विचारलं.

"सापडलेले फोटो. वहिनी, असं बघा. डिस्कवरचं पुसणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. पाटी गेली म्हणून आत राहणारा माणूस जात नाही. त्याच्या जागी दुसरा राहायला आला, तरच तो जातो. मी आता प्रत्येक दार ठोठावतोय."

"म्हणजे आहेत!" फेबियन खुर्चीतून उठलाच.

"काही आहेत. नव्या सिस्टीमने जिथे जिथे बस्तान मांडलं तिथले गेले. आणि नावं मिळणार नाहीत, नुसते आकडे. तारीख नाही, क्रम नाही. तुम्हाला एकेक उघडून ओळखावे लागतील. हे निवडून काही काढत नाही हं. जे सापडेल ते बाहेर. नवं, जुनं, तुम्हीच कधीकाळी टाकून दिलेलं, सगळं."

त्याला विरारला बहिणीकडे साखरपुड्याला जायचं होतं. काम संपल्यावर काय करायचं ते समजावून तो गेला. लाईट जाऊ नये एवढीच प्रार्थना करत दोघं नवराबायको त्या आकड्याकडे बघत बसले. दुपारी काम संपलं. ॲनी खुर्चीत बसली, कारण चेहरे तिच्या लक्षात राहत. फेबियन शेजारी स्टूल घेऊन बसला.

पहिल्यांदा कचराच आला. प्रोग्रॅममधली चिमुकली बटणं, जाहिराती, कोणाकोणाचे पासपोर्ट फोटो. मग अंगावर धावून आल्यासारखी माणसं यायला लागली: वर्षापूर्वीची नवरी, तिच्यामागोमाग चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीची, पांढऱ्या कपड्यांतली मुलं, मग कोणाचा तरी मिटलेल्या डोळ्यांचा, म्हणून फेकून दिलेला फोटो. काही अर्धेच होते, खाली नुसता राखाडी रंग. ॲनी ओळखेल ते बाजूला काढत होती. "ही पापडीची. हा डिसोझांचा जावई. हे कोण, ठाऊक नाही." क्लेमेंटीनची मेंदी सापडली तेव्हा दोघंही एकदम ओरडली.

मग ॲनीने पुढचा उघडला.

पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं एक तान्हं बाळ. मूठ गालाशी, डोळे किलकिले.

"हे कोणाचं?" ॲनी म्हणाली. तिने सहज, सवयीने विचारलं. आणि वाक्य संपता संपता ती पडद्याजवळ वाकली.

बाळाच्या मनगटावर हॉस्पिटलची पट्टी होती आणि त्या पट्टीवर ॲनीचं नाव.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. ग्रेसी. दोन आठवडेही जगली नाही. फेबियनचा डिजिटल कॅमेरा तेव्हा नवा कोरा होता. काचेच्या पेटीतली, मग एकदाच ॲनीच्या हातात दिलेली, अशी ग्रेसी त्याने फोटोंत धरून ठेवली होती. दफन करून आल्यावर ॲनी म्हणाली, "पुसून टाक. मला कधी, चुकूनही दिसायला नकोत." त्याने तिच्यादेखत सगळे पुसले. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. गावातल्या निम्म्या बाळांचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या मुलीचा एकही फोटो नव्हता.

ॲनी उठली. खुर्ची मागे जाऊन भिंतीला आदळली.

"तू ठेवले होतेस!"

"नाही, ॲनी—"

"तीन वर्षं! माझ्याशी खोटं बोललास? लपून बघत होतास?"

"मी पुसले होते. तुझ्यासमोर पुसले. तू इथेच उभी होतीस."

"मग हे काय आहे?"

"जितेंद्र म्हणाला ना…" दारावरची पाटी, आत राहणारा माणूस. सकाळी ऐकलेलं ते बोलणं त्याला आता खरं कळलं. म्हणजे तीन वर्षं ती इथेच होती? तो रोज याच खुर्चीत बसून लोकांच्या लग्नांचे फोटो बघत होता, आणि गुडघ्याशी, त्या पत्र्याच्या डब्यात, त्याची मुलगी होती? "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शपथ घेतो. मलाही माहीत नव्हतं."

ॲनीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे जे दिसलं त्याने तिचा राग ओसरला, पण ती तिथे थांबू शकली नाही. शटरखालून वाकून बाहेर गेली. फेबियनला ती नाक्यावरच्या फुलवाल्यांच्या पलीकडे, रस्त्याकडे पाठ करून उभी दिसत होती. तिच्यामागे जावं असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. पडदा बंद करावा असंही वाटलं. तेही झालं नाही. तो ग्रेसीकडे बघत राहिला आणि त्याला दुसरा धक्का बसला. त्याच्या मनातली ग्रेसी अशी नव्हती. मनातली सावळी होती, बारीक होती, त्याच्या आईसारखी कपाळाला अरुंद. ही गोरटेली, गोबरी, डोकंभर काळे केस असलेली मुलगी त्याच्या ओळखीची नव्हती. तीन वर्षं तो दुसऱ्याच कोणासाठी तरी रडत होता.

ॲनी बऱ्याच वेळाने परत आली. तोंड धुतलं असावं. पदर ओला होता. ती खुर्चीत बसली आणि पडद्याकडे न बघता म्हणाली, "हिची हनुवटी. मला वाटायचं तुझ्यासारखी होती."

"मलाही वेगळंच आठवत होतं."

"मग आपण काय आठवत होतो, फेबियन?"

तिने माउसवर हात ठेवला. "एक वेगळा फोल्डर कर," ती म्हणाली. "ती येईल तेव्हा तिथे टाक. मी आत्ता बघणार नाही. आधी आलोशियसकाकांना शोधू या. ती पोरगी वाट बघतेय."

ग्रेसी आणखी काही वेळा आली. कधी दोन अनोळखी नवऱ्यामुलांच्या मधून, कधी एका दुकानाच्या पाटीनंतर. दर वेळी ॲनी मान वळवायची, फेबियन गुपचूप फोटो फोल्डरमध्ये हलवायचा आणि दोघं पुढे जायची. संध्याकाळी कधीतरी बँडवाले आले. त्यांच्यामागून आलोशियसकाका.

कमरेखाली सगळं राखाडी होतं. नाचणारे पाय गेले होते, लेकीचा गाऊन गेला होता. पण वर डोकं मागे टाकून हसणारा म्हातारा शाबूत होता, दात दिसत होते, डोळे टक्क उघडे होते.

फोन मिळताच क्लेमेंटीन नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून तशीच आली. अंगठ्या घालतानाचे फोटो मिळाले नाहीत, वेदीसमोरचा एकच मिळाला आणि त्यावरही आडवे पट्टे आहेत, हे फेबियनने तिला आधी सांगितलं. ती "बरं" म्हणाली, पण तिला ते लागलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. "अंगठीचा एकसुद्धा नाही?" तिने दोनदा विचारलं. मग ॲनीने वडिलांचा फोटो उघडला. क्लेमेंटीन इतकी पुढे झुकली की तिचं नाक काचेला लागायला आलं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, हाक मारावी तशी. आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरेना. ॲनीने तिला जवळ घेतलं. त्या दोघींकडे बघत फेबियनने छातीपर्यंतचा फोटो कापून काढला, उजेड जरा वाढवला आणि प्रिंटरला लावला.

रविवारी सकाळची मिस्सा आटोपून दोघं परत स्टुडिओत आली. ॲनीने तो फोल्डर स्वतः उघडला आणि एकेक फोटो बघितला. रडली, मग एका फोटोवर थांबली. "हा छाप," ती म्हणाली. "गासला, माहेरी जाऊ. आयला दाखवू. ती तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिने नातीला बघितलंच नाही कधी."

गासच्या घरी ॲनीची आई पडवीत तांदूळ निवडत होती. ॲनीने फोटो तिच्या हातात दिला. म्हातारीने तो आधी लांब धरला, मग जवळ घेतला, मग आत जाऊन चष्मा लावून आली. बराच वेळ बघितल्यावर तिने लेकीकडे बघितलं आणि पुन्हा फोटोकडे.

"हिला धरलंय कोणी?" तिने कोपऱ्यातल्या हातावर बोट ठेवून विचारलं.

"मी," ॲनी म्हणाली.

म्हातारीने तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि लेकीला शेजारी बसायला जागा करून दिली.